शेरा

तहसीन मुजावर आली तेव्हा मी हळद चाळत होते.
कॉलेजचा प्रकल्प, म्हणाली, राहू दे ओ काकू आठवडाभर,
रोज एकेका यंत्राला लावा.
काडेपेटीएवढा मीटर, सोबत तक्ता:
उपकरण, वय, वॅट, तास, युनिट,
कोळशाचा धूर किलोत,
आणि कडेला एक अरुंद रकाना, शेरा.
तक्त्यावर पहिला पिवळा अंगठा माझाच उठला.

सांगलीला माप नवं नाही.
आयर्विन पुलाचे फूट
आमची पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात.
चाळीस म्हणजे गॅलरीतून बघायचं,
पंचेचाळीस म्हणजे सिलिंडर माडीवर.
पण हे घरातलं माप,
शून्य, मग टिंब, मग रांगत रांगत वाढणारं,
हे मी पहिल्यांदाच बघितलं.

मिक्सर: आठ मिनिटं. शेंगदाण्याचं कूट, लसणाची चटणी.
इस्त्री: फक्त मंगळवारी, ह्यांना पतसंस्थेत जायचं होतं.
गीझरनं मला लाज आणली.
पहाटे तो लावून मी पुन्हा डोळा मिटते,
तेवढ्यात तो साऱ्या घराला मागं टाकतो.
आणि टीव्हीखालचा तो डबा,
लाल ठिपका लावून रात्रभर जागा,
कुणासाठी नाही, कशासाठी नाही,
पंख्याच्या पाचव्या हिश्शाएवढं खातो.
साडेतीनला मीही जागीच असते.
त्याला नावं ठेववेनात.

वॉशिंग मशीनच्या ओळीला अडले.
आकडा लिहिला, आकड्याचं काय.
पण त्याच्या आधी चौदा वर्षं
बायनाबाई परीट आमच्या चादरी घाटावर नेत होती.
पौषात तिची बोटं भेगाळायची, कोपर कायमचं वाकडं झालं,
त्याचे वॅट किती?
मशीन आलं तेव्हा म्हणाली, बरं झालं बाई.
मग जिन्यात थांबून म्हणाली, आता मी काय करू?
दोन्ही एकाच आवाजात.
तहसीनला विचारलं, हे कुठं घालायचं.
ती पेन चावत बसली.

फ्रिज: वय पाच.
आधीचा आकाशी होता, एकवीस वर्षं चालला.
सत्तावन्न फुटांच्या वर्षी
तो स्वयंपाकघरात तरंगला,
पोटात लिंबाच्या लोणच्याची बरणी, तशीच, झाकणासकट.
पाणी उतरल्यावर गल्लीच्या तोंडाशी फ्रिजांचा ढीग,
सगळ्यांचा रंग एकच, गाळाचा.
भंगारवाल्यानं किलोवर भाव केला,
पक्कडीनं नळी तोडली. फुस्स.
एकवीस वर्षांचा कोंडलेला तो श्वास कुठं गेला
ह्याला तक्त्यात रकाना नाही.

वीज कोयनेची असली तर धूर कमी धरतात, तहसीन म्हणाली.
अगं, कोयना आमच्याकडं दोन वाटांनी येते.
एक घाटाखाली उडी मारून तारेतून येते,
ती हा पंखा फिरवते.
दुसरी कऱ्हाडावरून, नदीतून,
तिनं माझा आकाशी फ्रिज उचलला.
कमी धर. शून्य तेवढं लिहू नको.

सातव्या दिवशी ती मीटर न्यायला आली.
फ्रिज दोघींनी पुढं ओढला,
मागच्या जाळीवरची पाच वर्षांची धूळ जुन्या ब्रशानं काढली,
एक रबराची टिकली, ह्यांची हरवलेली गोळी.
त्याची घुरघुर जराशी खाली आली.
आकडाही उतरेल बघा, म्हणाली.

चहा निवेपर्यंत तिनं तक्ता वाचला.
शेऱ्यात मी लिहिलं होतं:
गीझर दहा मिनिटं कमी केला आहे.
डबा रात्री बंद करते. एखाद्या दिवशी विसरेन.
बायनाबाईचा फोन लागत नाही.

तिनं वर बघितलं नाही.
मीटरचं बटण दाबून धरलं,
शून्य, टिंब, शून्य,
आणि विचारलं, देवधरांचा जिना पुढून आहे की मागून?